झूमचे शेवटचे साडेतीन दिवस

९ ऑक्टोबर २०२२, रात्र. अनंतनाग जिल्ह्यातल्या कोकरनाग भागात, तंगपावा इथे दहशतवादी लपल्याची खबर येते. जवान वेढा घालतात. सोबत लष्कराचा श्वान झूम आहे. बेल्जियन मॅलिनॉइस, वय दोन वर्षं एक महिना, नोकरी जेमतेम आठ महिन्यांची.

१० ऑक्टोबर, सकाळ. संशयित घरात झूमला सोडतात. दाराआड कोण आहे हे माहीत नसतं, म्हणून माणसाच्या आधी त्याला जावं लागतं. तो दहशतवाद्यांना हुडकतो, अंगावर झेपावतो. दोन गोळ्या लागूनही हटत नाही. या चकमकीत लष्कर-ए-तय्यबाचे दोन दहशतवादी मारले जातात, दोन जवान जखमी होतात.

गोळीनंतरची मिनिटं. कुठल्याही जखमी श्वानाचं पुढचं सगळं इथे ठरतं. तीस किलोच्या कुत्र्याच्या अंगात साधारण अडीच लिटर रक्त असतं. त्यातलं एक तृतीयांश गेलं की जीव धोक्यात. डॉक्टरच्या हाती पोहोचेपर्यंत हँडलरच त्याचा डॉक्टर. जखमेवर कापड घट्ट दाबून धरायचं. भिजलं तर ते न उचलता त्यावरच दुसरं ठेवायचं. हिरडीवर बोट दाबून सोडायचं. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, तर रक्ताभिसरण ढासळत चाललंय. वेदनेत लाडकं कुत्रंही चावतं, म्हणून तोंड पट्टीने बांधायचं. पण धाप लागली असेल किंवा तोंडालाच जखम असेल, तर बांधायचं नाही. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत, आयब्युप्रोफेन तर कुत्र्याला विषच.

त्याच दिवशी, श्रीनगर. लष्कराच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात झूमवर शस्त्रक्रिया होते. मागचा पाय मोडलाय, त्याला प्लास्टर. चेहऱ्यावरच्या जखमांवर उपचार. पुढचे २४ ते ४८ तास कठीण आहेत, असं सांगितलं जातं.

१३ ऑक्टोबर, सकाळी पावणेबारा. ते कठीण तास उलटलेत, उपचारांना तो प्रतिसाद देतोय. अचानक धाप लागते, झूम कोसळतो.

दुपारी बारा. झूम गेला. दुसऱ्या दिवशी बदामी बाग छावणीत चिनार कोरने त्याला मानवंदना दिली.

झूम वाचला नाही, पण त्याला कुठे न्यायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही. अमेरिकेत १२ एप्रिल २०१८ ला मॅसॅच्युसेट्समध्ये हँडलर मारला गेला आणि त्याचा पोलीस श्वान नीरो गोळी लागून जखमी झाला, तेव्हा कायद्याने रुग्णवाहिका कुत्र्यासाठी वापरता येत नव्हती. पोलिसांच्या गाडीतून न्यावं लागलं. नीरो जगला आणि २०२२ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला: माणसांपैकी कुणाला गरज नसेल, तर रुग्णवाहिका जखमी पोलीस श्वानाला उचलू शकते, वाटेत प्रथमोपचारही करू शकते.

आता मुंबईतलं आपलं नाहूर. १३ मार्च २००३ च्या रात्री लोकलच्या महिला डब्यात स्फोट झाला तो मुलुंड स्थानकात, इथून हाकेच्या अंतरावर. अशा जागी दुसरा बॉम्ब नाही ना, हे हुंगायला श्वानच पुढे जातात. १९९३ च्या स्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधणाऱ्या मुंबई पोलिसांच्या झंजीर या श्वानाने २००० साली हाडांच्या कर्करोगाने जीव सोडला तो परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात. नाहूर ते परळ वीसेक किलोमीटर. संध्याकाळच्या गर्दीत रक्त वाहत असताना हे अंतर फार मोठं आहे.

म्हणून भांडुप-नाहूर-मुलुंड पट्ट्यातल्या पशुवैद्यांना विनंती. तुमचा दवाखाना रात्री उघडा असेल, शस्त्रक्रियेची सोय असेल, तर मोबाइल नंबर जवळच्या पोलीस ठाण्यात आणि श्वान पथकाकडे आजच नोंदवून ठेवा. आणि पथकाने प्रत्येक बंदोबस्ताआधी सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, तिथे फोन कोण उचलेल आणि कोणती गाडी नेईल, हे कागदावर लिहून हँडलरच्या खिशात द्यावं.