पैशांअभावी घडलेली अक्षरं

मॉन्टेसरी बालवाडीच्या फडताळात एक उघडं खोकं असतं आणि त्यात पंजाएवढ्या गुळगुळीत पाट्या उभ्या लावलेल्या असतात. प्रत्येक पाटीवर एकच अक्षर, पॉलिशपेपर कापून चिकटवलेलं. सुतार फळी घासायला वापरतो तोच हा कागद. मूल एका हाताने पाटी धरतं, दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवतं आणि बाई त्या अक्षराचा फक्त उच्चार करतात. बोट घसरून पाटीवर गेलं की खरखर थांबते, म्हणजे चूक बाईंच्या आधी बोटाला कळते. साधन एवढंच. शंभराहून अधिक वर्षांत त्यात सुधारणा म्हणावी असं फारसं काही कुणाला करता आलेलं नाही.

त्याचं मूळ शोधायला पॅरिसला जावं लागतं. १८०० साली फ्रान्सच्या आव्हेरों भागातल्या जंगलातून एक मुलगा सापडला. वय अकरा-बाराचं, बोलणं अजिबात नाही. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतला तरुण डॉक्टर झां इतार याने त्याला शिकवायला घेतलं, त्याचं नाव व्हिक्टर ठेवलं आणि त्याच्यासाठी सुटी अक्षरं करवून घेतली. दूध हवं असेल तेव्हा ‘ले’ (lait) म्हणजे फ्रेंचमधल्या दुधाची चार अक्षरं ओळीने मांडायची, असा धडा होता. आठवडाभराने व्हिक्टर संध्याकाळी नेहमीच्या घरी दूध प्यायला निघाला, तेव्हा कुणी न सांगता त्याने ती चार अक्षरं खिशात टाकली आणि तिथे पोचताच टेबलावर शब्द लावून दाखवला. १८०१च्या अहवालात इतारने हे लिहून ठेवलं आहे. व्हिक्टर पुढे बोलायला असा शिकलाच नाही. पण अक्षर ही हातात धरायची, खिशात घालायची वस्तू असू शकते, हे तेव्हा दिसलं.

इतारचा शिष्य एदुआर सेगँ. बुद्धीने मागे असलेल्या मुलांसाठी त्याने हात, डोळा, स्पर्श यांच्यामार्फत शिकवायची अख्खी पद्धत बांधली आणि १८४६मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ‘हा अमुक’, ‘अमुक कुठला?’, ‘हे काय?’ असा मॉन्टेसरी वर्गात आजही चालणारा तीन पायऱ्यांचा पाठ मुळात सेगँचा. लेखनाच्या बाबतीत मात्र तो छापील मोठ्या अक्षरांपासून आणि सरळ रेघांपासून सुरुवात करायचा. नुसत्या रेघा काढण्यात कुठल्या मुलाला रस वाटणार?

रोमच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी इतार आणि सेगँ यांची पुस्तकं इटालियनमध्ये उतरवून काढली, तीही स्वतःच्या हाताने. १९००च्या सुमारास त्या मतिमंद मुलांच्या शिक्षकांसाठी असलेल्या संस्थेत काम करत होत्या. तिथे एका अकरा वर्षांच्या मुलीने त्यांना कोड्यात टाकलं. हात धडधाकट, पण शिवणाचा पहिला टाकाही जमेना. बाईंनी शिवण बाजूला ठेवलं आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. पट्टी एकदा वरून, एकदा खालून. ती जमल्यावर सुईदोरा परत दिला, तर पोरगी सरळ रफू करायला लागली. हाताची हालचाल आधी तयार करावी, काम मागून सांगावं, हा धागा त्यांना तिथे सापडला. लेखनाचंही असंच असेल, तर लिहिण्याआधी बोटाने अक्षर चाचपायला हवं.

म्हणून त्यांनी या मुलांसाठी झोकदार लाकडी अक्षरं करवून घेतली: वळणदार लिपी, बुटकी अक्षरं आठ सेंटिमीटर उंच, व्यंजनं निळ्या रंगाची, स्वर लाल, टिकावीत म्हणून मागून ब्राँझचा थर. असा संच एकच. महागाचा होता.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीतल्या चाळीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. यामागे मालकांचा हिशेब होता, हे सांगायला हवं. दिवसभर आईबाप कामावर, आणि मोकळी पोरं नुकत्याच दुरुस्त केलेल्या भिंती खराब करतात. त्यापेक्षा त्यांना एका खोलीत सांभाळलेलं स्वस्त. वाचन-लेखन या बेतात नव्हतंच, इतक्या लहान वयात ते शिकवावं असं खुद्द बाईंनाही वाटत नव्हतं. दोन-तीन आया, स्वतः निरक्षर, त्यांच्याकडे आल्या आणि ‘पोरांना लिहाय-वाचायला शिकवा’ म्हणून हटून बसल्या.

बाईंना आठवली ती लाकडी अक्षरं. तशी करून देणारं कुणी मिळेना आणि या शोधात दोन महिने गेले. शेवटी त्यांनी साध्या कागदाची मोठी अक्षरं कापली, एका शिक्षिकेकडून ती एका बाजूने निळी रंगवून घेतली. स्पर्शाच्या खेळासाठी वर्गात खरखरीत कागद होताच, त्याची अक्षरं कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर डकवली.

मग लक्षात आलं की जुन्या थाटाच्या संचापेक्षा हेच सरस आहे. लाकडी अक्षर रंगवलेलं, गुळगुळीत. बोट भरकटलं तर सांगणार कोण? शिवाय ते सुटं, कसंही फिरवता येणारं. पुठ्ठ्यावरचं अक्षर मात्र सुलटंच राहतं. आणि कागदाचे हवे तितके ‘अ’ कापता येतात, त्यामुळे शब्द जुळवता येतात. एका लाकडी ‘अ’ने ‘मामा’ कसा लिहिणार? हातात पैसे असते तर तो देखणा, वांझ संचच आपण करून घेतला असता, असा कबुलीजबाब बाईंनी १९०९च्या पुस्तकात दिला आहे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात इतका प्रांजळपणा क्वचित आढळतो.

पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे. डिसेंबरातलं ऊन, गच्ची, पाच वर्षांचा मुलगा. बाईंनी खडू देऊन समोरचं धुराडं काढायला सांगितलं. ते काढून झाल्यावर त्याने फरशीवर ‘हात’ हा शब्द लिहिला, मग ‘धुराडं’, मग ‘छप्पर’ आणि ‘मला लिहिता येतं!’ म्हणून ओरडायला लागला. बाकीची पोरं गोळा झाली आणि तीही लिहायला लागली. बाईंनी याला स्फोट म्हटलं. मला त्यात चमत्कार फारसा दिसत नाही. बोटं कित्येक आठवडे तेच करत होती, खडू तेवढा नवा. मला जास्त आवडतो तो पुढचा तपशील: घरची जमीन आणि पावाचा पापुद्रा वाचवायला आयांनी पोरांना कागद-पेन्सिल आणून दिली.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होतीच. पाटीवर धूळ पसरून त्यात अक्षर गिरवायचं, म्हणजे हात आधी ही कल्पना नवी नव्हती. पण धूळ चूक सांगत नाही, त्यासाठी पंतोजी लागतात, छडीसकट.

१९२०मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं, पुढे मुंबईच्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. ताराबाईंनी १९४५मध्ये अनुताई वाघांच्या साथीने बोर्डीत काम उभं केलं, तेव्हा परवडणाऱ्या साधनांचाच प्रश्न पुढे आला. त्यांनी उत्तर आसपासच्या खडे-शिंपल्यांत आणि बियांत शोधलं. सान लोरेंझोची परंपरा म्हणायची तर हीच. स्वतः मॉन्टेसरी १९३९मध्ये मद्रासला आल्या. युद्धात इटली उतरली आणि त्यांच्या मुलाला, मारिओला, इंग्रजांनी अहमदनगरला स्थानबद्ध केलं; ऑगस्ट १९४०मध्ये, आईच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, सोडलं.

देवनागरीत हे साधन सोपं आणि अवघड दोन्ही आहे. सोपं, कारण अक्षराचं नाव आणि उच्चार जवळजवळ एकच. अवघड, कारण काना, मात्रा, उकार यांच्या पाट्या वेगळ्या कराव्या लागतात, आणि ‘कि’मधली वेलांटी कानाला नंतर ऐकू येते पण बसते आधी. शिरोरेषा बोटाने कधी काढायची यावरून शिक्षिकांत वाद घालता येईल. माझ्या मते शेवटी.

हल्ली संच विकत मिळतात, लाकडी पाटीवर, बहुधा व्यंजनं गुलाबी आणि स्वर निळे; रोमच्या त्या लाकडी संचात निळा रंग व्यंजनांना होता. घरी करायचा तर बारीक दाण्याचा कागद घ्यावा, कात्री जुनी घ्यावी. खरखरीत बाजूवर पेन्सिल नीट चालत नाही, म्हणून अक्षर मागच्या बाजूने उलटं काढून कापावं लागतं. ‘क’ उलटा काढताना चांगल्या अक्षराची बाईही चाचपडते. ‘ठ’ला ही कटकट नाही, तो आरशातही ठच दिसतो.