आयआयटीत मुलींसाठी वाढीव जागा: मुलांच्या जागा खरंच कमी होतात का?

जेईईचा निकाल लागला की सोशल मीडियावर दरवर्षी एक वाद रंगतो. ‘मुलींना कमी रँकवर आयआयटी मिळते, मग मुलांनी काय करायचं?’ या वादात ‘सुपरन्युमररी सीट्स’ हा शब्द हमखास येतो. ही नेमकी काय भानगड आहे?

गरज का पडली?

२०१६ मध्ये आयआयटींच्या बी.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यांमध्ये मुली जेमतेम ८ टक्के होत्या. हे बदलण्यासाठी आयआयटी मंडीचे तत्कालीन संचालक टिमोथी गोन्साल्विस यांच्या समितीने जागा वाढवण्याची शिफारस केली आणि २०१८ पासून ती लागू झाली. मुलींचं प्रमाण २०१८ मध्ये १४, २०१९ मध्ये १७ आणि २०२० मध्ये २० टक्क्यांवर न्यायचं, असं ठरलं. एनआयटींमध्येही अशीच सोय आहे.

मुलांच्या जागा जातात का?

नाही. सुपरन्युमररी म्हणजे आहेत त्या जागांवर वाढवलेल्या जागा. समजा, एका शाखेत १०० जागा आहेत आणि त्यावर ९० मुलगे व १० मुली आहेत. मुलींचं प्रमाण २० टक्के करायचं, तर मुलांच्या ९० जागांना हात न लावता १३ जागा वाढवल्या जातात. एकूण जागा ११३, त्यात मुली २३. मुलगे ९० ते ९०च.

प्रवेश कसा होतो?

जागांचे दोन गट असतात: फक्त मुलींसाठीचा आणि सर्वांसाठी खुला असलेला ‘जेंडर न्यूट्रल’. मुलींचा विचार दोन्हीत होतो. हे दोन गट खुल्या प्रवर्गाप्रमाणेच ओबीसी, एससी, एसटी आणि ईडब्ल्यूएस या प्रवर्गांतही असतात. त्यामुळे एखाद्या प्रवर्गाची जागा दुसऱ्याकडे जात नाही.

मग गुणवत्तेचं काय?

पेपर एकच, तपासणी एकच आणि रँक लिस्टमध्ये येण्यासाठी लागणारे किमान गुणही मुलामुलींना सारखेच. फरक पडतो तो शेवटच्या रँकमध्ये. आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्सच्या खुल्या प्रवर्गातल्या जागा साधारण ६०-७० रँकलाच संपतात, तर मुलींच्या गटात हा आकडा काही शेकड्यांपर्यंत जातो. पण २०२४ मध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्ड देणारे सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी होते. त्यांच्यात पहिल्या काही शेकड्यांत येणं म्हणजे ‘सोपा प्रवेश’ नव्हे. शिवाय एकदा आत गेल्यावर परीक्षा, ग्रेड आणि डिग्रीचे नियम सगळ्यांना सारखेच.

एवढ्याने प्रश्न सुटला का?

काही प्रमाणात. मुलींचा टक्का दुपटीहून जास्त वाढला, पण तो २० च्या आसपासच थांबला आहे. कारण जागा वाढवल्या, तरी तिथवर पोहोचण्याची वाट तशीच आहे. बारावी बोर्डात मुली दरवर्षी मुलांच्या पुढे असतात, मात्र जेईईसाठी दोन वर्षांचा महागडा क्लास लागतो, अनेकदा कोटा किंवा हैदराबादला राहावं लागतं. मुलासाठी कर्ज काढणारं घर मुलीच्या बाबतीत ‘एवढ्या लांब कशाला, इथलंच कॉलेज बरं’ म्हणतं. एका प्रयत्नात नाही जमलं, तर मुलाला ‘ड्रॉप’ घेऊ देतात. मुलीला ती मुभा क्वचितच मिळते. जेईई अ‍ॅडव्हान्स्डचं शुल्क मुलींना निम्मं आहे, पण खर्चाचा मोठा भाग फॉर्मच्या शुल्कात नसतो.

फळ्यापुढचं चित्रही हळूहळू बदलतंय. आयआयटींमध्ये महिला प्राध्यापक आजही मोजक्याच आहेत. एखाद्या आयआयटी कॅम्पसच्या प्रमुखपदी पहिल्यांदा महिला आली ती २०२३ मध्ये. आयआयटी मद्रासच्या झांझिबार कॅम्पसची सूत्रं तेव्हा प्रीती अघालयम यांच्याकडे आली.

थोडक्यात, वाढीव जागांमुळे कुणा मुलाची जागा गेलेली नाही. पण २० टक्क्यांच्या पुढे जायचं असेल, तर बदल आयआयटीच्या गेटवर नाही, अकरावीला क्लास लावायचा की नाही हे घरात ठरतं तिथे व्हावा लागेल.