नॅस घेताय? आज किती टीबी मिळतात यापेक्षा उद्या किती वाढवता येतील ते आधी बघा

छत्रपती संभाजीनगरात लग्नसराई आणि कडक ऊन एकाच वेळी येतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि त्याच दिवसांत फोटो स्टुडिओंमध्ये फुटेजचा ढीग पडतो. पोर्टेबल डिस्क एकामागून एक भरतात. कोणाचं लग्न कुठल्या डिस्कवर आहे, ते वर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून शोधावं लागतं. त्यातली एखादी डिस्क हातातून पडली, तर एका घराचा अख्खा सोहळा पुसला जातो. असं होऊ नये म्हणून नॅस घेतलं जातं. पण नॅस निवडताना बहुतेकांची नजर फक्त किंमत आणि टीबीवर असते. वर्ष-दोन वर्षांनी खरी अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी: पेटी भरते आणि ती वाढवता येत नाही.

नॅस म्हणजे नेमकं काय?

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी. तिच्यात दोन किंवा जास्त हार्ड ड्राइव्ह बसतात. ती केबलने राउटरला किंवा स्विचला जोडली, की स्टुडिओतल्या सगळ्या संगणकांना तेच फोल्डर दिसतात. ही पेटी म्हणजे स्वतःचा प्रोसेसर, रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टीम असलेला छोटा संगणकच असतो. म्हणूनच किती मोठी ड्राइव्ह चालेल, हे पेटीवरही अवलंबून असतं.

जागा किती लागते?

एक साधा हिशोब करून बघा. ४के व्हिडिओ १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने रेकॉर्ड केला, तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे प्रत्येकी पाच तास चालले, तर ४५० जीबी. त्यात रॉ फोटोंचे ८० जीबी धरले, तर एक लग्न ५३० जीबीचं होतं. वर्षाला अशी ३० लग्नं म्हणजे सुमारे १६ टीबी.

आता दोन कप्प्यांची पेटी आणि त्यात ८ टीबीच्या दोन ड्राइव्ह घेतल्या, तर काय होईल? एका ड्राइव्हची हुबेहूब प्रत दुसरीवर राहणार, त्यामुळे वापरायला ८ टीबीच मिळणार. म्हणजे १५ लग्नांत पेटी फुल्ल. शिवाय ड्राइव्हवर ८ टीबी लिहिलेलं असलं, तरी संगणकावर ७.२७ च दिसतात. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या.

जागा वाढवायचे तीन मार्ग

पहिला मार्ग रिकाम्या कप्प्यांचा. चार कप्प्यांची पेटी घ्या, पण सुरुवातीला १६ टीबीच्या दोनच ड्राइव्ह बसवा. वापरायला १६ टीबी मिळतील. पुढे तिसरी ड्राइव्ह टाकून रेड ५ ही रचना केली की ३२ आणि चौथी टाकली की ४८ टीबी होतात. एक ड्राइव्ह बिघडली तरी डेटा शाबूत राहतो. सिनॉलॉजी आणि क्यूनॅपच्या बहुतेक पेट्यांत हा बदल डेटा न पुसता करता येतो. बहुतेकांसाठी हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे.

दुसरा मार्ग जुन्या ड्राइव्ह काढून मोठ्या बसवण्याचा. इथे एक मेख आहे. साध्या रेड ५ मध्ये ४ टीबीच्या चार ड्राइव्ह असतील, तर १२ टीबी मिळतात. त्यातल्या दोन काढून १२ टीबीच्या बसवल्या, तरी जागा १२ टीबीच राहते. चारही बदलल्याशिवाय ती वाढत नाही. सिनॉलॉजीच्या एसएचआर या रचनेत मात्र वेगवेगळ्या आकाराच्या ड्राइव्ह चालतात. तिथे दोनच बदलल्या तरी जागा २० टीबी होते. उलटा प्रवास मात्र होत नाही: मोठ्या ड्राइव्हच्या जागी लहान ड्राइव्ह बसवता येत नाही.

तिसरा मार्ग जोडपेटीचा. काही नॅसना केबलने आणखी कप्पे जोडता येतात. चार कप्प्यांच्या सिनॉलॉजी डीएस९२५ प्लसला पाच कप्प्यांची डीएक्स५२५ ही पेटी जोडली, की एकूण नऊ कप्पे होतात. दोन कप्प्यांच्या डीएस२२५ प्लसला ही सोय नाही. नावं सारखी दिसतात, म्हणून मॉडेल नंबर नीट वाचावा. जोडपेटीवर स्वतंत्र व्हॉल्यूम करणंच बरं. एकच व्हॉल्यूम दोन्ही पेट्यांत पसरवला आणि मधली केबल निघाली, तर सगळाच डेटा अडकतो.

मोठी ड्राइव्ह जुन्या पेटीत चालेल का?

बसेल, पण चालेलच असं नाही. अडचणी साधारण चार ठिकाणी येतात.

एक, २ टीबीची जुनी मर्यादा. एमबीआर या जुन्या पद्धतीत ड्राइव्हचे पत्ते ३२ बिटांचे असतात, त्यामुळे साधारण २.२ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. जीपीटी पद्धतीत हा प्रश्न नाही. जुन्या यूएसबी केसमध्ये मात्र तो अजूनही भेटतो.

दोन, १६ टीबीची मर्यादा. ३२ बिट प्रोसेसरच्या जुन्या नॅसमध्ये एक व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे जात नाही. सेकंडहँड पेटी स्वस्तात मिळत असेल, तर ही गोष्ट आधी तपासावी.

तीन, वीज आणि स्क्रू. काही नव्या ड्राइव्हच्या पॉवर कनेक्टरमधली तिसरी पिन ड्राइव्ह बंद करण्यासाठी वापरली जाते. जुना पॉवर सप्लाय त्या पिनला ३.३ व्होल्ट देत राहतो आणि ड्राइव्ह सुरूच होत नाही. ड्राइव्ह खराब आहे समजून लोक ती परत करतात. शिवाय अनेक मोठ्या ड्राइव्हच्या तळाला मधली स्क्रूची छिद्रं नसतात, त्यामुळे जुन्या ट्रेमध्ये त्या पक्क्या बसत नाहीत.

चार, कंपनीची यादी. प्रत्येक उत्पादक आपल्या मॉडेलमध्ये कोणत्या ड्राइव्ह चालतात, याची यादी वेबसाइटवर देतो. एप्रिल २०२५ मध्ये सिनॉलॉजीने त्या वर्षीच्या प्लस मॉडेलवर यादीबाहेरच्या ड्राइव्हसाठी निर्बंध आणले. ग्राहक नाराज झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम ७.३ सोबत ते बरेच सैल झाले. नियम असे बदलत राहतात, म्हणून पैसे देण्याच्या दिवशीची यादी बघावी.

सीएमआर आणि एसएमआरमधला फरक

एसएमआर ड्राइव्हमध्ये डेटाच्या पट्ट्या घरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त मावतं, पण सलग लिहिताना वेग खूप पडतो. सीएमआरमध्ये पट्ट्या सुट्या असतात. नॅससाठी सीएमआरच घ्यावी. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या लाल लेबलच्या २ ते ६ टीबीच्या काही ड्राइव्ह एसएमआर असल्याचं उघड झालं. त्या नॅससाठी म्हणूनच विकल्या जात होत्या. त्यानंतर कंपनीने सीएमआर ड्राइव्ह 'प्लस' नावाखाली वेगळ्या केल्या.

ड्राइव्ह हातात आली, की सीरियल नंबर टाकून उत्पादकाच्या वेबसाइटवर वॉरंटी तपासावी. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट ड्राइव्ह, त्यांच्यातली तासांची नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचं समोर आलं होतं.

ऊन आणि वीज

सिनॉलॉजीच्या अनेक मॉडेलच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ० ते ४० अंश असावं असं लिहिलेलं असतं. संभाजीनगरात मे महिन्यात बंद खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून पेटी माळ्यावर, पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवू नये. मागच्या पंख्यापुढे मोकळी जागा ठेवावी, महिन्यातून एकदा धूळ झाडावी आणि तापमान वाढलं की फोनवर सूचना येईल अशी सेटिंग करावी. डेटा तपासणीचं मासिक काम पहाटे लावावं.

विजेबद्दल एक गैरसमज आहे. घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला? इन्व्हर्टर दिवे चालू ठेवतो, पण बॅटरी संपत आल्याचं नॅसला कळवत नाही. यूएसबी केबलने जोडलेला यूपीएस कळवतो आणि नॅस आपोआप नीट बंद होतं. लिहिताना अचानक वीज जाणं हेच डेटाला सगळ्यात घातक.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

एक ड्राइव्ह गेली तरी काम चालू राहावं, यासाठी रेड असतं. चुकून डिलीट झालेली फाइल ते परत आणत नाही. चोरी, आग आणि रॅन्समवेअरपुढेही त्याचा उपयोग नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटला उघड्या जोडलेल्या अनेक क्यूनॅप पेट्यांतल्या फाइल कुलूपबंद केल्या होत्या.

मोठ्या ड्राइव्हबरोबर आणखी एक धोका वाढतो. १६ टीबीची ड्राइव्ह बदलली, तर २०० एमबी प्रति सेकंद वेगानेही ती पुन्हा भरायला सुमारे २२ तास लागतात. रेड ५ मध्ये तेवढ्यात दुसरी ड्राइव्ह गेली तर सगळं गेलं. पाच किंवा जास्त कप्पे असतील, तर दोन ड्राइव्हचा बिघाड सोसणारं रेड ६ बरं.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ हा नियम इथे कामी येतो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. स्टुडिओ सिडकोत आणि घर गारखेड्यात असेल, तर घरी ठेवलेली एक मोठी यूएसबी डिस्कसुद्धा ही तिसरी प्रत होऊ शकते.

दुकानात विचारायचे प्रश्न

• दोन वर्षांनी जागा वाढवायची झाली, तर याच पेटीत कशी वाढेल?
• घेतोय ती ड्राइव्ह, पूर्ण मॉडेल नंबरसह, या पेटीच्या यादीत आहे का? ती सीएमआर आहे का?
• एका व्हॉल्यूमची कमाल मर्यादा किती?
• जोडपेटी चालते का, आणि कोणती?
• नेटवर्क पोर्ट १ गिगाबिटचा की २.५ चा? एक लग्न कॉपी करायला पहिल्यावर सुमारे ८० मिनिटं लागतात, दुसऱ्यावर अर्धा तास. मात्र स्विच आणि संगणकही २.५ चे हवेत.
• वॉरंटी भारतातली आहे का आणि बिघाड झाल्यास पेटी कुठे पाठवावी लागेल?

बजेट कमी असेल, तर कप्पे कमी करू नका, सुरुवातीच्या ड्राइव्ह कमी करा. ड्राइव्ह पुढच्या सीझनला घेता येते, पण दोन कप्प्यांच्या पेटीला तिसरा कप्पा कोणीही करून देत नाही.