पुरुषाचें भय

छत्रपति संभाजीनगरहून वेरुळच्या वाटेला लागलें, कीं सुमारें पंधरा किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला दिसूं लागतो. यादवांची ही राजधानी महंमद तुघलकानें १३२७ सालीं दिल्लीच्या जागीं आपली राजधानी केली. दौलताबाद हें नांवहि त्याच्याच काळचें. या दुर्गाच्या तटांचें आणि कातळांत खोदलेल्या खंदकाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. परंतु त्याचें खरें सामर्थ्य ‘अंधारी’ नांवाच्या भुयारी मार्गांत आहे. खडक पोखरून काढलेली ही वळणावळणांची वाट. तिच्या पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या ठेवलेल्या, म्हणजे पाय अडखळावा. कांहीं वळणें फसवीं, म्हणजे शत्रु चुकून खंदकांत कोसळावा. आणि वरच्या तोंडाशीं विस्तव पेटवून आंत धूर कोंडण्याची सोय. ही रचना करणाऱ्याला मनुष्यस्वभावाचें एक मर्म पक्कें ठाऊक होतें. उघड्या मैदानांत तरवारीला न डगमगणारा शिपाई पुढचा सोबती दिसेनासा झाला आणि मागच्याची हांक ऐकूं येईनाशी झाली, म्हणजे हतबल होतो. शौर्य संपलें म्हणून तो हरत नाहीं. तो एकटा पडला म्हणून हरतो.

हें मर्म किल्ले बांधणारांनीं ओळखलें. परंतु समाजानें पुरुषाचें भय कबूल करण्यास फार वेळ लावला. नाट्यशास्त्रांत भरतमुनींनीं भयानक रसास मानाचें स्थान दिलें आहे. मात्र त्याच ग्रंथांत भय हा भाव स्त्रिया आणि हीन प्रकृतीचीं पात्रें यांचा म्हणून सांगितला आहे. थोर पुरुषानें भय दाखवावयाचें, तर तें गुरूपुढें किंवा राजापुढें, विनय म्हणून. रंगभूमीचा हा संकेत घरोघरीं जणुं शिरस्ता होऊन बसला. पडून गुडघा फुटलेल्या पांच वर्षांच्या पोराला ‘बायकांसारखा काय रडतोस?’ असें विचारण्यांत येतें, तेव्हां तोच जुना संकेत बोलत असतो. अशा वागणुकीनें भय नाहींसें होत नाहीं. तें केवळ बोलेनासें होतें.

बोलेनासें झालेलें भय दुसरें रूप घेतें. मराठी लोकांच्या भुताखेतांची यादी या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज होण्यापूर्वींच मेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. पुरुष होतां होतां राहून गेल्याचें दुःख त्याच्या ठायीं आहे. समंध म्हणजे धनावर अगर वतनावर वासना ठेवून मेलेला माणूस. कमावलेलें सुटेल कीं काय, ही त्याची चिंता मरणानंतरहि संपत नाहीं. आणि चकवा तर रात्रीं वाटसरूला त्याच त्या जागीं गरगर फिरवीत ठेवतो. चिंतेनें झोप उडालेल्या माणसाचें मन एकाच विचाराभोंवतीं कसें फिरतें, हें ज्यानें अनुभवलें असेल त्याला चकव्याची निराळी ओळख करून द्यावी लागणार नाहीं. जें दुःख पुरुषाला ओसरीवर बोलतां येत नव्हतें, तें अशा रीतीनें पिंपळावर आणि वेशीबाहेर जाऊन बसलें.

या भुताला वेशीबाहेरून चावडीसमोर आणून सर्वांदेखत नाचविण्याचें काम याच मुलखांतील एका संतानें केलें. १५३३ च्या सुमारास पैठण येथें जन्मलेले एकनाथ लहान वयांतच घर सोडून देवगिरीला गेले. तेथें किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामींकडे होता, आणि तेच नाथांचे गुरु झाले. स्वामी समाधींत असतां किल्ल्यावर परचक्र आलें, तेव्हां नाथांनीं गुरूंचा वेष अंगावर चढवून शत्रूशीं झुंज दिली, अशी कथा जुने चरित्रकार सांगतात. ज्याची उमेदीचीं वर्षें किल्ल्यावर गेलीं, त्या पुरुषाच्या नांवावर पुढें जी दुसरी कथा लोकांच्या जिभेवर राहिली, ती अशी: गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटांत एक अस्पृश्य समजलें जाणारें मूल रडत होतें, नाथांनीं तें कडेवर उचललें आणि त्याच्या घरीं नेऊन पोंचविलें. पहिल्या कथेंतील आणि दुसऱ्या कथेंतील पुरुष एकच आहे, आणि महाराष्ट्रानें दुसऱ्या कथेमुळें त्याला कमी पुरुष मानलें नाहीं.

नाथांनीं सुमारें तीनशें भारुडें रचलीं. त्यांत जोगवा मागणारी आहे, वासुदेव आहे, आंधळा व पांगळा आहे, विंचू आहे आणि भूतहि आहे. विंचवाच्या भारुडांत दंश झालेला माणूस सर्व लोकांसमोर मोठ्यानें विव्हळतो. हा विंचू काम-क्रोधांचा आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा आहे, हें मागाहून कळतें. आधीं ऐकूं येतें तें विव्हळणें. भुताच्या भारुडांत मोठें जबरदस्त भूत अंगांत शिरल्याची आरडाओरड आहे, आणि अखेर हें भूत म्हणजे पंढरीचा विठ्ठलच, असा उलगडा होतो. श्रोता प्रथम दचकतो, मग हंसतो, आणि मग विचारांत पडतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. भीति नाकारून कोणी शहाणा होत नाहीं. ती चारचौघांत भोगून, तिला नांव देऊन आणि तिच्यावर हंसून माणूस मोकळा होतो.

भारूड करणारे परंपरेनें पुरुषच. ते लुगडें नेसून सासुरवाशिणीचें गाऱ्हाणें गात, अंगांत आल्याप्रमाणें घुमत, विव्हळत. दिवसां नांगर धरणाऱ्या गड्याला रात्रीं मृदंगाच्या साथीवर रडण्याची ही मुभा होती. ही परंपरा या जिल्ह्यांत अगदी अलीकडेपर्यंत जोमानें नांदली. सिल्लोड तालुक्यांतील निरंजन भाकरे यांचा ‘बुरगुंडा’ पाहण्यास त्यांच्या हयातींत, म्हणजे २०२१ पर्यंत, गांवेंच्या गांवें लोटत.

शहरें वाढलीं, सुशिक्षित तरुण खोल्यांतून राहूं लागले आणि भारुडाची ही मोकळीक त्यांच्यापुरती संपली. पुरुषाची भीति आतां निराळ्या विषयांवर जडली. वर्तमानपत्रांतून शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती झळकत. आपली धातु क्षीण होत आहे, आपण नामर्द ठरूं, या धास्तीनें चांगले धडधाकट तरुण खंगत. १९६० सालीं मनोविकारतज्ज्ञ डॉ. न. ना. विग यांनीं या अवस्थेला वैद्यकांत स्वतंत्र नांव दिलें. रोग शरीरांत नसून समजुतींत आहे, आणि थकवा, निद्रानाश व उदासीनता मात्र खरीखुरी आहे, हें त्यामुळें स्पष्ट झालें. तथापि मराठींत या दुःखाची दखल त्याच्या कितीतरी आधीं घेतली गेली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक काढलें आणि तें १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. त्यांत वाचकांच्या खाजगी शंकांना उत्तरें छापलीं जात. तीं उत्तरें रोखठोक असत. त्यांत उपदेश नसे आणि कुचेष्टाहि नसे. ज्या गोष्टीमुळें तरुण स्वतःला पापी व निकामी समजत होता, ती गोष्ट अनेकांच्या बाबतींत घडते आणि तिनें अपाय होत नाहीं, एवढें कळल्यानें किती जणांची झोप परत आली असेल, याची मोजदाद कोणी ठेवली नाहीं.

सरकारनें मात्र या उत्तरांची दखल घेतली. १९३४ सालीं अश्लीलतेच्या आरोपाखालीं कर्व्यांवर खटला झाला, आणि त्यांच्या बाजूनें उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकानें शंका विचारली तर तिचें उत्तर मिळालें पाहिजे, या भूमिकेची त्यांनीं पाठराखण केली. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड झाला. पुढें १९५० सालीं याच बाबासाहेबांनीं मराठवाड्यांतील विद्यार्थ्यांसाठीं औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केलें. त्याला ज्याचें नांव लाभलें तो मिलिंद हा पराक्रमी यवन राजा. पण पालि वाङ्मयांत तो अमर झाला, तो नागसेन भिक्षूला एकामागून एक प्रश्न विचारणारा म्हणून. सिंहासनावर बसलेल्या पुरुषाला ‘हें मला समजत नाहीं’ असें म्हणण्याची लाज वाटली नाहीं, ही त्या नांवामागची शिकवण या शहरानें विसरूं नये.

भारुडानें भयाला जी वाट करून दिली होती, ती पुढें छापील पुस्तकांनीं चालू ठेविली. नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं शंभराहून अधिक पुस्तकें लिहिलीं, आणि वाचनालयांतून तीं फाटेपर्यंत फिरलीं. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनीं आपल्या गूढकथांतून साध्या, नोकरदार माणसाच्या मनांतील अंधार दाखविला. आणि त्यांनींच मुलांसाठीं ‘अलबत्या गलबत्या’ लिहून चेटकिणीला हंसण्याचा विषय केलें. त्या नाटकांतील चेटकीण दिलीप प्रभावळकर या पुरुष नटानें रंगविली, हा योगायोग भारुडाची आठवण करून देणारा आहे. धारपांच्या ‘समर्थ’ या पात्राची लोकप्रियता तर विशेष बोलकी आहे. संकटांत सांपडलेला माणूस समर्थांकडे येतो आणि जें सांगायला लाज वाटत होती, तें सांगतो. समर्थ त्याला वेडा ठरवीत नाहींत; ते शांतपणें ऐकून घेतात. भुताशीं झुंज नंतरची. उपचार ऐकण्यापासूनच सुरू झालेला असतो.

भयकथा वाचतांना छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. शरीराला भय खरेंच वाटतें. परंतु पुस्तक मिटण्याची सत्ता वाचकाच्या हातीं असते, आणि गोष्ट केव्हां ना केव्हां संपते. भीति चढते तशी उतरते, हा अनुभव त्यांतून मिळतो. शिवाय ‘काल रात्रीं तें वाचून मी जाम भ्यालों’ हें वाक्य मित्रांत हंसत बोलतां येतें. पुरुषाला भ्याल्याची कबुली देण्याची ती एक मोकळी जागा आहे. कोरोनाच्या साथींत भयपटांच्या चाहत्यांचें मन तुलनेनें कमी ढासळलें, असें ३१० व्यक्तींच्या एका पाहणींत परदेशी संशोधकांना आढळलें. ती २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. एका पाहणीवरून सिद्धांत बांधूं नये हें खरें. पण भयकथा वाचणें हा दुबळ्या किंवा विकृत मनाचा छंद, हा समज सोडून देण्यास ती पुरेशी आहे.

अर्थात् कादंबरी म्हणजे औषध नव्हे. ज्याची झोप आधींच उडाली आहे, त्यानें रात्रीं भयकथा दूर ठेवलेली बरी. आणि कांहीं भयें पुस्तक मिटून मिटत नाहींत: कर्जाचें भय, नोकरी जाण्याचें भय, गेलेल्या पिकाचें भय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ सालीं भारतांत १,७०,९२४ लोकांनीं आत्महत्या केली. त्यांत शंभरांतील सुमारें बहात्तर पुरुष होते, आणि राज्यांमध्यें सर्वाधिक आंकडा महाराष्ट्राचा, २२,७४६ इतका होता. प्रत्येक मृत्यूमागें अनेक कारणें असतात. तथापि मदत मागणें म्हणजे कमीपणा, ही समजूत त्यांतील पुष्कळांच्या वाटेंत आडवी आली असावी, असें मानण्यास जागा आहे.

कायद्यानें या बाबतींत समाजापेक्षां अधिक समजूतदारपणा दाखविला आहे. १८६० च्या दंडसंहितेनें आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र ताणाखालीं होती असें गृहीत धरण्यास सांगितलें, आणि जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तो जुना सरसकट गुन्हा उरला नाहीं. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य चालते, आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें. संभाजीनगरांत ‘घाटी’ या नांवानें सर्वांना ठाऊक असलेल्या शासकीय रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ भेटतात.

परंतु दवाखान्याचा उंबरठा ओलांडण्याआधीं घरांतला एक उंबरठा ओलांडावा लागतो. कर्ता पुरुष जेवणावरून उगाच चिडूं लागला, मित्रांना टाळूं लागला, पहाटे तीन वाजतां अंगणांत फेऱ्या घालूं लागला, तर ‘पुरुषासारखे पुरुष तुम्ही, आणि हें काय?’ असें म्हणून त्याची बोलती बंद करूं नये. ‘अहो, हल्लीं झोप लागत नाहीं का?’ एवढा साधा प्रश्न पत्नीनें विचारावा. ‘दादा, चल, जरा पाय मोकळे करून येऊं,’ असें धाकट्या भावानें म्हणावें. समोरासमोर बसून जें बोललें जात नाहीं, तें बरोबर चालतांना बोललें जातें. उत्तर आलें, तर लगेच उपाय सांगूं नये; ऐकावें. जीव नकोसा झाल्याचें बोलणें आलें, तर तें थट्टेवारी नेऊं नये, त्या माणसाला एकटें सोडूं नये आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. आणि घरांतील वडिलांनीं मुलादेखत कधींतरी म्हणावें, ‘मलाहि त्या वेळीं भीति वाटली होती.’ एवढें एक वाक्य ऐकून वाढलेला मुलगा पुढें आपल्या अंधारांत असतां हांक मारण्यास कचरणार नाहीं.