रिपल इफेक्ट (पूर्वीचे नाव सेंड अ काऊ)

आफ्रिकेतील ग्रामीण कुटुंबांना शेती, पशुपालन आणि छोट्या व्यवसायांतून स्वावलंबी होण्यास साहाय्य करणारी ब्रिटिश धर्मादाय संस्था. स्थापना १९८८. केनिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी, इथिओपिया, झांबिया या देशांत तिचे काम चालते.

संस्थेचा उगम दुधाच्या अतिरिक्त उत्पादनात आहे. युरोपीय आर्थिक समुदायाने १९८४ मध्ये दुधाचा कोटा ठरवून दिला आणि ब्रिटनमधील गोपालकांवर धडधाकट दुभत्या गायी कत्तलखान्यात पाठवण्याची पाळी आली. त्याच दशकात युगांडा यादवीने पोळला होता. कित्येक भागांत गुरे लुटली गेली होती. तिथल्या चर्चकडून मदतीची हाक आली, तेव्हा इंग्लंडमधील काही ख्रिस्ती शेतकऱ्यांनी गाभण गायी विमानाने युगांडाला रवाना केल्या. १९९६ मध्ये ‘मॅड काऊ’ रोगामुळे ब्रिटिश गुरांच्या निर्यातीवर बंदी आली. त्यानंतर जनावरे आफ्रिकेतच खरेदी होऊ लागली, आणि खरे तर ते आधीपासूनच व्हायला हवे होते.

गाय दारात येण्यापूर्वी कुटुंबाने प्रशिक्षण घ्यायचे, गोठा बांधायचा, वैरण लावायची, असा दंडक आहे. जमीन गुंठ्यांत मोजावी इतकी थोडी, त्यामुळे गुरे चरायला न सोडता हत्ती गवत कापून गव्हाणीत टाकतात. दुधाने मुलांचे पोषण होते, उरलेले विकता येते. पण वर्षानुवर्षे मका घेऊन कस गेलेल्या मातीला शेणखत मिळते, हा लाभ दुधाहून टिकाऊ आहे. घराजवळ ‘कीहोल’ बाग करतात: उंच गोल वाफा, मधोमध ओल्या कचऱ्याची टोपली, तिच्यात घरातले सांडपाणी ओतायचे. कोरड्या दिवसांतही भाजी मिळते.

गायीला झालेली पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची, हा या कार्याचा कणा होय. कालवडीबरोबर गोपालनाचे ज्ञानही पुढे जाते. काल हात पसरावा लागलेली बाई आज गावासमोर दाता म्हणून उभी राहते. एवढी प्रतिष्ठा कोणतेही अनुदान देऊ शकत नाही. ही पद्धत मूळची अमेरिकी शेतकरी डॅन वेस्ट यांच्या १९४४ मध्ये सुरू झालेल्या ‘हेफर’ संस्थेची. रवांडा सरकारनेही २००६ पासूनच्या ‘गिरिंका’ योजनेत तीच स्वीकारली.

घरातील कामे कोण करतो, निर्णय कोण घेतो, याची मांडणी पती-पत्नी आणि मुले एकत्र बसून करतात. पाणी, सरपण, गोठा असे सारे ओझे बाईवरच आहे, हे त्यातून उघड होते आणि कामांची फेरवाटणी सुरू होते.

संकरित गाय गरिबाला झेपत नाही, तिला पाणी व वैरण फार लागते, त्यापेक्षा रोख रक्कम द्यावी, असा आक्षेप घेतला जातो. पाणी दुर्मिळ असलेल्या भागांपुरता तो रास्त आहे. संस्थेनेही गायीवरचा भर कमी करून शेळ्या, कोंबड्या, मधमाशीपालन आणि बचतगट यांचा अंगीकार केला. २०२२ मधील नामांतर त्याच बदलातून झाले.