दाढेचा भरणा

माणसाला बत्तीस दात असतात हे त्याला पहिल्यांदा शाळेत कळते आणि दुसऱ्यांदा दातांच्या डॉक्टरांच्या बिलावरून. मधली पंचवीस-तीस वर्षे तो नुसता खात असतो.

मी कॉमर्सचा माणूस. शास्त्र विषयाशी माझा संबंध दहावीला संपला, तोही उभयपक्षी संमतीने. त्यामुळे 'रूट कॅनाल' म्हटले की सुवेझ आणि पनामाच्या पंक्तीत बसणारे काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे यायचे. पुढे तो कालवा माझ्याच डाव्या दाढेत निघाला, तेव्हा मी तो माझ्या पद्धतीने समजून घेतला. दात हे एक खाते. आतली नस हा खातेदार. कीड फार खोल गेली की खातेदार मरतो, पण खाते उघडेच राहते. आणि मृत खातेदाराच्या उघड्या खात्यावर कोण कोण वारस उगवतात हे बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला सांगायला नको. दातात या वारसांना जंतू म्हणतात. तेव्हा आतली शिल्लक शेवटच्या पैपर्यंत उपसायची, नळी धुवायची आणि ती अशी बंद करायची की पुन्हा कुणाला आत शिरता येऊ नये.

गंमत अशी, की 'कशाने बंद करायची' यावर माणसांनी शतकानुशतके डोके चालवले. 'आधी धुवा' हे मात्र फार उशिरा सुचले.

इस्राएलच्या नेगेव वाळवंटात इ.स.पू. २०० च्या सुमाराची एक कवटी सापडली. तिच्या एका दाताच्या नळीत अडीच मिलिमीटर लांबीची काशाची तार बसवलेली होती. काशामुळे दात हिरवा पडला होता, म्हणूनच तो नजरेत भरला. दातातला किडा आत उतरू नये म्हणून हे बूच मारले असावे, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

हा किडा साधी असामी नव्हे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर त्याची कथा कोरलेली आहे. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो 'पाडणारी' माणसे गावोगाव हिंडत. पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८ मध्ये दंतवैद्यकावर दोन खंडी ग्रंथ लिहिला आणि त्यात स्वच्छ सांगितले, की मी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, मला किडा काही दिसला नाही. या फोशारने नस काढून दातात शिसे भरण्याची रीत सांगितली. (दातांसाठी स्वतःच्या मूत्राच्या गुळण्याही सांगितल्या, पण मोठ्या माणसाचे सगळेच घ्यायचे नसते.) एवढे होऊनही आपण अजून 'दाताला कीड लागली' असेच म्हणतो. तीनशे वर्षांपूर्वी पदच्युत झालेला किडा मराठीत मात्र अजून खुर्चीवर आहे.

१८०९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एडवर्ड हडसनने दाताच्या नळ्यांत सोन्याचा वर्ख ठासला. तारण म्हणून उत्तम. पण लॉकरची किल्ली तोंडात घेऊन हिंडायचे म्हणजे जरा जोखमीचेच. आणि ठासण्याआधी जिवंत नस मारायची कशी? १८३६ मध्ये स्पूनर नावाच्या दंतवैद्याने उपाय जाहीर केला, तो म्हणजे सोमल. होय, उंदरांचा. नस मरायची यात शंका नाही, पण सोमल जरा इकडेतिकडे झिरपला तर आजूबाजूची हिरडी आणि हाडही तिच्यामागून सती जायचे. ती नस उपसायला वॉशिंग्टनच्या एडविन मेनार्डने १८३८ मध्ये घड्याळाची स्प्रिंग कानशीने घासून बारीक आकडी केली. हा मेनार्ड पुढे बंदुकांकडे वळला. दिवाळीत मुले टिकल्यांची गुंडाळी पिस्तुलात घालतात ना, तशीच पट्टी त्याने खऱ्या बंदुकीसाठी काढली. त्याच्या नावाची बंदूक अमेरिकेच्या यादवी युद्धात वापरली गेली. दंतवैद्याला बंदूक सुचावी यात काही नवल नाही. खुर्चीत बसल्यावर मला त्या दोन धंद्यांत फारसा फरक वाटलाही नव्हता.

माझ्या दाढेत काय भरले हे मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा माझ्या तोंडात कापसाच्या दोन वळकट्या होत्या. तरी प्रश्न पोचला. उत्तर आले, "गटापर्चा." एखाद्या तमाशाच्या फडाला शोभावे असे हे नाव मूळचे मलायी आहे. तिकडच्या एका झाडाचा हा चीक. गरम पाण्यात घातला की कणकेसारखा मऊ होतो, थंड झाला की घट्ट. मलायातले लोक त्याच्या कोयत्यांच्या मुठी करत. सिंगापूरला असलेल्या विल्यम माँटगोमेरी या कंपनी सरकारच्या डॉक्टरने १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला धाडले आणि साहेबाला जणू खुळच लागले. गटापर्चाचे गोल्फचे चेंडू झाले. गटापर्चाच्या हातकाठ्या झाल्या. तसल्याच एका काठीने १८५६ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका लोकप्रतिनिधीने दुसऱ्याला रक्तबंबाळ होईपर्यंत, काठी मोडेपर्यंत बडवले. पण खरी चैन झाली ती तारायंत्राची. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या तारेवर वेष्टण म्हणून टिकेल असा दुसरा पदार्थच नव्हता. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे प्रचंड जहाज मुंबईला आले आणि इथून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकत गेले. त्या तारेवर गटापर्चाच होता. मुंबईच्या कापसाचे भाव विलायतेला पोचायचे ते माझ्या दाढेतल्या पदार्थाच्या आधाराने!

या कौतुकाची किंमत झाडांनी मोजली. चीक काढायला झाड पाडावे लागे आणि एका झाडातून हाती यायचे ते थोडकेच. लाखो झाडे आडवी झाली. पुढे १९३३ मध्ये पॉलिथिन निघाले, समुद्राखालच्या तारांनी वेष्टण बदलले आणि गटापर्चाचे सगळे गिऱ्हाईक गेले. राहिले एकच, ते म्हणजे दात. १८४७ मध्ये एसा हिलने त्यात चुना आणि गारेची पूड मिसळून दात भरले होते. १८६७ मध्ये सेंट लुईच्या बोमनने तो दाताच्या मुळातल्या नळीत भरून दाखवला. १८८७ पासून त्याच्या तयार बारीक काड्या कारखान्यातून येऊ लागल्या. आज त्या काडीत गटापर्चा असतो जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड. केशरी भातातल्या केशरापेक्षा प्रमाण बरे म्हणायचे.

इथपर्यंत सगळे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. पुढचे नाही.

१९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलला व्याख्यान दिले. घाणीवर सोन्याच्या टोप्या चढवून तुम्ही शरीरात विष साठवता, असा त्याचा रोख होता. घाणीबद्दल तो खरेच बोलत होता. पण ऐकणाऱ्यांनी धुण्याऐवजी उपटण्याचा मार्ग धरला. सांधे धरले, काढा दात. पोट बिघडले, काढा दात. न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या अधीक्षकाने वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे हजारो दात काढवले. पोकळी भरण्याची विद्या यात काही दशके मागे पडली.

माझ्या आजीला मी दातांसकट कधी पाहिले नाही. ती चाळिशीत असताना गुडघे दुखू लागले, तेव्हा तालुक्याच्या एका डॉक्टरांनी हे सारे दातांमुळे असल्याचे सांगितले. विलायतेत तोवर ही समजूत बरीचशी मोडीत निघाली होती, पण आमच्या तालुक्याला बातमी बैलगाडीने यायची. महिनाभरात आजीचे सगळे दात काढले. त्यातले बरेचसे धडधाकट होते, असे आजोबा सांगत. नंतर तोंडात कवळी आली आणि गुडघ्यातली कळ होती तिथेच राहिली. शेंगदाण्याचा लाडू ती खलबत्त्यात कुटून खायची. आम्ही नातवंडे हुरड्याला बसलो की ती कणसे भाजून द्यायची, दाणे चोळून द्यायची आणि आमच्या तोंडांकडे बघत राहायची.

१९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी उंदरांचे दात नसेपर्यंत कोरून उघडे ठेवले. काही उंदीर नेहमीचे होते, काही जन्मापासून संपूर्ण निर्जंतुक वाढवलेले. नेहमीच्या उंदरांच्या नसा सडल्या. निर्जंतुक उंदरांच्या दातांत अन्न ठासले गेले तरी नसा जगल्या, आणि वर नवे छप्परही धरू लागले. म्हणजे गुन्हेगार भोक नव्हे, जंतू. ज्या उंदरांसाठी सोमल होता, त्यांनीच शेवटी दातांचा न्याय केला. डॉक्टर म्हणतात, आता त्यांचा निम्मा जीव नळी धुण्यात जातो. धुतात कशाने? आपण पांढरे कपडे ज्याने शुभ्र करतो त्याच जातीच्या पाण्याने. काडीच्या कडेच्या फटी बुजवायला जो लेप लागतो, त्यात कित्येकदा लवंगेचे तेल असते. दाढ दुखली की लवंग धर, हे आजी सांगायचीच. तिला मात्र ती धरायला दाढ उरली नव्हती.

मधल्या काळात चांदीच्या काड्याही येऊन गेल्या. घालायला सोप्या, पण आत गंजायच्या. मग १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा लिंडा येथे महमूद तोराबिनेजाद यांनी एक भुकटी पुढे आणली. मुळाला भोक पडले, टोक उघडे राहिले तर ती भरतात. ओल्यात घट्ट होते आणि भोवतालचे हाड तिला आपले म्हणते. ही भुकटी म्हणजे मुख्यतः पोर्टलंड सिमेंट, घराच्या बांधकामात असते तेच, अधिक शुद्ध केलेले. क्ष-किरणांत दिसावे म्हणून वर थोडे बिस्मथ ऑक्साइड. भाव मात्र गोणीचा नाही, ग्रॅमचा.

आमच्या सोसायटीच्या गच्चीला सहा पावसाळे गळती आहे. तीन कंत्राटदार झाले. मी सेक्रेटरींना या भुकटीबद्दल सगळे सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, आधी गच्ची धुऊन घ्यायला लागेल. पाण्याचा टँकर कोणाच्या खर्चाने?"