एका मृत्युपत्राची अठरा वर्षे

सणासुदीला मृत्युपत्राचे नाव काढले, की घरातील वडीलधारी मंडळी ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून दटावतात. तरीही आज मी तोच विषय काढणार आहे. वर्गात लोकमान्य टिळकांचे चरित्र शिकविताना केसरी येतो, मंडाले येते. ताईमहाराज प्रकरण मात्र दोन ओळींत उरकावे लागते. वास्तविक ती एका मृत्युपत्राचीच कहाणी आहे आणि प्रत्येक कुटुंबाने ती ऐकण्यासारखी आहे.

पुण्याचे वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे पहिल्या वर्गाचे सरदार आणि टिळकांचे स्नेही. १८९७ साली ते अंथरुणाला खिळले, तेव्हा टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा होता. ४ ऑगस्टला टिळकांना जामीन मिळाला. ७ ऑगस्टला बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी डोळे मिटले. विश्वस्तांत टिळक होते, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. याहून भरवशाची माणसे कुठे मिळणार?

पत्नी ताईमहाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा न झाला, किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने त्यांनी दत्तक घ्यावा, अशी तजवीज होती. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि दोनच महिन्यांत गेला. आता सारा भार त्या ‘संमती’वर येऊन पडला.

जून १९०१ मध्ये औरंगाबादेस पंडितांच्याच भाऊबंदांपैकी जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. ऑगस्टमध्ये ताईमहाराजांनी कोल्हापुरास दुसराच मुलगा मांडीवर घेतला. औरंगाबादेस दत्तविधान झालेच नाही, असे त्या म्हणू लागल्या. एक दौलत आणि वारस दोन!

मग कोर्टकचेऱ्या. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून १९०३ साली टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी सुनावली गेली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरविले. दिवाणी दाव्याचा निकाल १९०६ साली जगन्नाथाच्या बाजूने लागला, १९१० साली हायकोर्टाने तो फिरविला. अखेर २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तक कायदेशीर ठरविले. ताईमहाराज तर १९०३ सालीच निवर्तल्या होत्या.

या प्रकरणात टिळकांचा छळ झाला हे खरेच. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्या मनाला ती तरुण विधवा अधिक छळते. नवरा गेला, लेकरू गेले, आणि कोणाला ‘बाळ’ म्हणायचे याला चौघांची संमती हवी! बाबामहाराजांची माणसे चांगली होती, हेतूही चांगला होता. वेळ मात्र उरली नव्हती. शेवटच्या दिवशी केलेल्या कागदाला बायकोशी चार वेळा बोलायची सवड कुठून मिळणार?

आपल्याला ती सवड आहे. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे लेखी मृत्युपत्रावर आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. शुद्धीवर असेतो ते कितीदाही बदलता येते. एकत्र कुटुंबातील आपल्या हिश्शाचे मृत्युपत्र करण्याची मुभा हिंदूंना १९५६ च्या कायद्याने दिली. हयातीतच घर मुलांच्या नावे करावयाचे असेल, तर बक्षीसपत्रात आपल्या सांभाळाची अट अवश्य लिहावी. ती न पाळल्यास २००७ च्या कायद्याने ज्येष्ठांना ते रद्द करून मागता येते.

फराळाला सारे घर जमते, तेव्हा घरातल्या कर्त्याने हा विषय काढावा, आणि ज्यांना पुढे त्या कागदाच्या आधाराने दिवस काढायचे आहेत, त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे. विशेषतः घरधनिणीचे.